निळ्या पेटीतला पंखा

जेवणाच्या टेबलावर कासवाच्या आकाराचा एक काळा डाग पडला होता, आणि त्या डागापायी लिफ्टवाल्यांवर राहतं घर सोडायची पाळी आली होती.

जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या म्हणून सगळे त्यांना लिफ्टवाले म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांना रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांचं वेड लागलं. विमानाला बॅटरी लागते, बॅटरीला चार्जिंग लागतं आणि चार्जिंगला, त्यांच्या बायकोच्या मते, राखण लागते. "ही बॅटरी म्हणजे गॅसवरचं दूध आहे," ती म्हणायची, "नजर हटली की गेलं." म्हणून गॅलरीतल्या फरशीवर बॅटरी लावली की ती शेजारी स्टूल टाकून मटार सोलत बसायची. मटार नसले तर नुसतीच बसायची.

बायको जाऊन वर्ष होत आलं. गॅलरीत एकट्याने बसवेना, म्हणून लिफ्टवाल्यांनी बॅटरी जेवणाच्या टेबलावर लावायला सुरुवात केली. एका दुपारी खुर्चीतच त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा टेबल पेटलं होतं. हाताशी होती ती कुंडी त्यांनी रोपासकट त्यावर उपडी केली. आग विझली. रोप गेलं.

मुलगी आली ती थेट टेबलाशी. ती विमा कंपनीत होती. जळालेली दुकानं, गोदामं बघायची आणि आग कशाने लागली ते शोधून काढायचं, हेच तिचं काम. तिने डागावर नख ओढलं, नखाचा वास घेतला.

"कारण?" तिने विचारलं.

"झोप."

"कोणाची?"

"माझीच. बॅटरी जागी होती."

तिला हसू आलं नाही. "बाबा, ऐक. या घरात यापुढे एकही बॅटरी चार्ज होणार नाही. रविवारी येऊन मी बघणार आहे. सोय झाली असेल तर ठीक. नाहीतर सामान बांध आणि माझ्याकडे चल. विमानं भंगारात."

लिफ्टवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मुलगी जीव लावणारी होती आणि जावईही भला माणूस होता. पण त्यांच्या घरात पांढराशुभ्र सोफा होता. लिफ्टवाले त्यावर बसायला वाकले की जावई हसत हसत टॉवेल घेऊन धावायचा. बाथरूमच्या चपला वेगळ्या, गॅलरीच्या वेगळ्या. एकदा लिफ्टवाले गॅलरीच्या चपला घालून स्वयंपाकघरात गेले, तर मुलीने फरशी दोनदा पुसली होती. तिथे राहायला जाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

घरात नाही तर मैदानावर चार्ज करायचं, एवढाच उपाय होता. पण मैदानावर वीज कुठली? तेव्हा गॅरेजातून चार्ज करून आणलेली जुन्या स्कूटरची मोठी बॅटरी, तिच्यावर चालणारा चार्जर, वायरी आणि पंखा असं सगळं एका पेटीत बसवायचं आणि पेटी उचलून न्यायची, असं त्यांनी ठरवलं.

पेटी काही मिळेना. हत्यारांची पेटी त्या बॅटरीच्या वजनाने तळातून फाटली. पत्र्याचा डबा घेतला, तर वायर चिकटून ठिणगी उडाली. मोठी बॅग भरून बघितली, तर ती उचलायला दोन माणसं लागली असती. शेवटी त्यांची नजर कपाटावर गेली. तिथे बायकोची निळी पेटी होती. कडक कवचाची, वर मूठ, झाकणाला आतून आरसा. प्रवासात तिची पावडर, कंगवे, पिना सगळं त्यातच जायचं.

"घेऊ का?" लिफ्टवाल्यांनी मोठ्याने विचारलं.

उत्तर आलं नाही. ती असताना गप्प बसली की त्याचा अर्थ 'नाही' असायचा. आता काय समजायचं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी पेटी घेतली.

कंगवे, पिना, गुडघेदुखीचं मलम त्यांनी बुटांच्या खोक्यात नीट रचून ठेवलं. झाकणाच्या इलॅस्टिकच्या कप्प्यात पावडरचा डबा होता. तो त्यांनी बाहेर काढला. परत ठेवला. परत काढला. मग "बघू नंतर" म्हणून कप्प्यात सारला आणि कामाला लागले.

काम मात्र झकास झालं. तळाशी मोठी बॅटरी पट्ट्याने आवळली, तिच्यावर चार्जर बसवला. चार्ज होणाऱ्या छोट्या बॅटऱ्यांसाठी फरशीचे तुकडे लावून वेगळा कप्पा केला. एका बाजूला हवा आत यायला भोकं पाडली, दुसऱ्या बाजूला गरम हवा बाहेर फेकायला जुन्या कॉम्प्युटरचा पंखा. लाल वायर लालला, काळी काळीला. लिफ्टमध्ये असतो तसा 'क्षमतेपेक्षा जास्त भार टाकू नये' असा स्टिकरही त्यांनी चिकटवला. आरसा ठेवला. झाकण उघडलं की चार्जरचे आकडे उभ्याने आरशात दिसायचे, उलटे दिसायचे एवढंच.

रविवारी पेटी न्यायला मैदानावरचा मित्र कॅप्टन स्कूटर घेऊन आला. कॅप्टन कधी कुठल्या सैन्यात नव्हता. तळ्यात त्याची खेळण्यातली बोट बुडाली तेव्हा तो काठावर उभा राहून "जहाज सोडा!" असं ओरडला होता, तेव्हापासून तो कॅप्टन. त्याने पेटी मागच्या सीटवर आडवी टाकून दोरीने करकचून बांधली.

"अरे, आडवी नको!" लिफ्टवाले म्हणाले.

"लिफ्टवाले, तुमचा जन्म वर-खाली करण्यात गेला. आडवं काय ते माझ्यावर सोडा," असं म्हणून कॅप्टनने रस्त्यातला एकेक खड्डा वेचून घेतला.

मैदानावर दातांचे डॉक्टर आधीच आले होते. त्यांची कवळी पक्की बसायची, पण विमान दर वेळी झाडावर बसायचं. थोड्या वेळाने मुलगीही आली; लिफ्टवाल्यांनी तिला सोय बघायला इथेच बोलावलं होतं. तिच्या हातात लाल रंगाचं आग विझवायचं नळकांडं होतं.

"हे काय?" लिफ्टवाल्यांनी विचारलं.

"भेट आणलीय तुला. कुठेय तुझी सोय?"

लिफ्टवाल्यांनी गवतावरच्या निळ्या पेटीकडे बोट दाखवलं. मुलीचा चेहरा बदलला.

"ही आईची पेटी आहे."

"होय."

"तू आईच्या पेटीला भोकं पाडलीस?"

"हवेसाठी," लिफ्टवाले कसेबसे म्हणाले.

मुलगी पुढे काही बोलली नाही. तेही आईसारखंच. आता जे काय बोलायचं ते पेटीनेच बोलावं, असं मनाशी म्हणत लिफ्टवाल्यांनी झाकण वीतभर उचललं, डॉक्टरांच्या दोन बॅटऱ्या आत जोडल्या, झाकण लावलं आणि बाहेरचं बटण दाबलं. पंखा घूं करून फिरू लागला.

आणि पेटीतून पांढरे लोट निघाले.

"धूर!" डॉक्टर ओरडले.

"जहाज सोडा!" कॅप्टन ओरडला आणि खरोखरच पळाला.

डॉक्टरांनी आगीसाठी भरून ठेवलेली वाळूची बादली उचलून नेम धरला. त्यांचा नेम विमानासारखाच. सगळी वाळू पळत्या कॅप्टनच्या मानेत गेली. मुलीने मात्र शांतपणे नळकांड्याची पिन उपसली आणि नळी पेटीवर रोखली.

लिफ्टवाल्यांनी श्वास घेतला आणि पेटीवर पालथी उडी मारली.

"बाबा! बाजूला हो!"

"मारू नकोस ते!"

"अरे पेटलंय ते! बाजूला हो!"

"अगं, वास घे!"

"आधी ऊठ!"

"आधी वास घे!"

पंखा त्यांच्या पोटाखालून पांढरा भपकारा तिच्या तोंडावर सोडत होता. मुलीला शिंक आली. मग ती तशीच उभी राहिली. नळी हळूहळू खाली आली.

जळकट वास कुठेच नव्हता. मैदानावर भर दुपारी, गवत, वाळू, कॅप्टनचा घाम या सगळ्यांवरून, नुकतीच कोणी आवरून खोलीबाहेर यावी तसा वास दरवळत होता.

"लिथियमचा वास इतका छान असतो?" डॉक्टरांनी विचारलं.

लिफ्टवाल्यांनी उठून झाकण उघडलं. आत सगळं पांढरं. चार्जर मात्र बिनतक्रार चालू होता. कप्प्यातला डबा आडवा पडला होता आणि त्याचं भोकांचं टोपण खड्ड्याखड्ड्यांत फिरून उघडलं होतं. मुलगी गुडघ्यांवर बसली. आरशात तिला स्वतःचं पांढरंफटक तोंड दिसलं आणि मागे बापाचं, त्याहून पांढरं. तिला हसू फुटलं. आईच्या आजारपणापासून ती अशी हसली नव्हती. हसता हसता तिने डोळे पुसले, तर गालावर पावडरचा लगदा झाला.

"कारण?" लिफ्टवाल्यांनी भीत भीत विचारलं.

"वायरिंगचा दोष नाही," ती ऑफिसच्या आवाजात म्हणाली. "डबा काढायचा राहिला की ठेवलास?"

लिफ्टवाले चार्जरकडे बघत राहिले.

"बरं," ती म्हणाली. "चिकटपट्टी आहे?"

लाल चिकटपट्टी त्यांच्या खिशात होतीच. मुलीने डबा कानाशी हलवून पाहिला. थोडी पावडर उरली होती. तिने टोपण घट्ट फिरवलं, भोकांवर चिकटपट्टी लावली आणि डबा होता त्याच कप्प्यात परत ठेवला.

"आडवी न्यायची नाही," तिने कॅप्टनला दम दिला. तो मानेतली वाळू काढत म्हणाला, "हो ताई." तो तिच्या बापाच्या वयाचा होता.

"आणि बाबा, चार्जिंग चालू असताना उठायचं नाही. झोपायचं नाही. शेजारी बसायचं."

"बसेन. म्हणजे मी घरीच..."

"या अवतारात तुला सोफ्यावर कोण बसवणार आहे?"

ती नळकांडं आडवं ठेवून त्यावरच बसली. लिफ्टवाले शेजारी गवतात बसले. आरशात अठराचे एक्याऐंशी दिसत होते.

"एक्याऐंशी? हे जास्त नाही ना?" तिने विचारलं.

"उलटं वाच."

"मग किती वेळ लागेल?"

"लागेल थोडा. तुझी आई मटार आणायची."

"पुढच्या रविवारी मी आणते," मुलगी म्हणाली. "सोलायचे तू."