हिसानोकडची दुपारची माकली

"आई, यात आपल्या दुकानाचं नाव नाहीये," माझी सून अयाको म्हणाली आणि पाहुण्यांना वाटायचा तो कागद तिनं माझ्या चिरायच्या पाटावरच ठेवला. 'जपानच्या हाकोदातेत काय पाहावं, काय खावं.' टेकडी होती, बंदरावरची विटांची गोदामं होती. आणि खाण्यात सगळ्यात वर, फोटोसकट, समोरच्या गल्लीतली हिसानो! माकली चिरायला शिकली ती माझ्याच पाटावर.

"तिचं दुकान दुपारी तीनपर्यंत उघडं असतं. तुम्ही सकाळी नवालाच दारावरचा पडदा काढून दुकान बंद करता."

"माकली काचेसारखी दिसते तोवरच माकली. पांढरी पडली की मांजराची."

हा माझ्या सासूचा नियम. बावन्न वर्षं पाळला. पहाटेच्या होडीतून आलेली दहा पायांची माकली दोऱ्यासारखी बारीक चिरायची, आलं-सोयाबरोबर कच्चीच वाढायची. दाताखाली कर्रकन वाजली पाहिजे.

"मग दुपारी तिच्याकडे खाऊन तर या. वाईट असली तर उशिरापर्यंत उघडं ठेवू असं मी पुन्हा म्हणणार नाही. चांगली असली तर मात्र—"

"चांगली? तिची?"

दीडला गेले. दारात रांग.

"या कियोताई! वाट चुकलात?" हिसानो म्हणाली.

"नाही गं. म्हटलं, फोटोतली बाई जवळून कशी दिसते बघावं."

रांग हसली. तीही हसली, मेली.

ताट आलं. माकली पांढरीफटक. माझा जीव निवला. चारचौघांत काय सुनावायचं ते जुळवूनच आले होते. घास घेतला. वाजली नाही. मऊ होती. आणि गोड. असा गोडवा माझ्या माकलीला कधीच नव्हता. असणार कसा, तो मुरायच्या आत मी दुकान बंद करत होते. बावन्न वर्षांत दुपारची माकली मी एकदाही चाखली नव्हती.

"कशी आहे?" हिसानो शेजारी येऊन उभी.

"आलं कमी पडलंय."

तिनं रिकाम्या ताटाकडे पाहिलं, आणि चहा आणून ठेवला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

अयाको दुकानात वाट बघत होती.

"उद्यापासून तीनपर्यंत ठेव उघडं," मी म्हटलं. "पण नवानंतर पाटाशी तू बस. पांढऱ्या माकलीवर माझा हात नाही बसायचा."

मग मी सुरी धुतली, पुसली, आणि मूठ तिच्याकडे करून ठेवली.