मयताचा कर्जअर्ज

सहा आठवड्यांच्या इंटर्नशिपमध्ये बँकेने जोव्हेलिन तुपासला एकच गोष्ट शिकवली होती : कागदाला मारलेली पिन नख न मोडता कशी काढायची. कॉलेजच्या पत्रकात ‘व्यापारी बँकेच्या कामाचा प्रत्यक्ष अनुभव’ असं छापलेलं होतं. अनुभव मिळाला तो झेरॉक्सच्या मशीनचा आणि मॅनेजरच्या कॉफीचा. साखर दोन चमचे, दूध नको, आणि कप ठेवताना आवाज नको. पगार शून्य. वर बँकेच्या रंगाचा ब्लाउज आणि काळे बूट स्वतःच्या पैशाने घ्यायचे. पोरांना फुकट राबवायचं आणि उपकार केल्याचा आव आणायचा, या धंद्यात मात्र बँक अगदी तरबेज होती.

पण तोंड मिटून राहणं भाग होतं. दोनशे चाळीस तास भरल्याची मॅनेजरची सही मिळाली नाही तर वर्ष वाया. आई कुवेतमध्ये परक्यांची लादी पुसून फी पाठवत होती. ‘अजून एक वर्ष पूस,’ हे तिला फोनवर कोणत्या तोंडाने सांगायचं?

सोळा तास उरले होते तेव्हा मॅनेजर एव्हेलिओ कास्तान्योस यांनी तिच्यापुढे एक जाडजूड फाइल टाकली.

“इंदाय, जरा बाहेरची हवा खाऊन ये.” इंदाय म्हणजे पोरी; तिकडे कुठल्याही मुलीला अशीच हाक.

फिलिपिन्समधल्या इलोइलोतला एप्रिल. बाहेरच्या हवेत अंडं उकडलं असतं.

फाइल रेस्तितुतो गुम्बान नावाच्या पाववाल्याची होती. नव्या भट्टीसाठी त्याला दीड लाख पेसो हवे होते. तेवढ्यासाठी त्याने सदतीस कागद जोडले होते, त्यात बाप्तिस्म्याचा दाखलासुद्धा. गेल्याच आठवड्यात एका ऊसमळेवाल्याचं दोन कोटींचं कर्ज तीन कागदांवर आणि आंब्यांच्या दोन पेट्यांवर मंजूर झालं होतं. ते आंबे जोव्हेलिननेच कापले होते. तिला एक कोय मिळाली होती.

पाववाल्याची आता फक्त शेजारपाजारची चौकशी राहिली होती. माणूस तिथेच राहतो का, दारू पितो का, शब्दाचा पक्का आहे का. नियमाप्रमाणे मॅनेजरने स्वतः जायचं असतं.

“तू जा, सही मी करतो,” कास्तान्योस म्हणाले आणि त्यांनी एसी आणखी थंड केला. “आणि बँकेचं नाव काढू नकोस हं. अर्जदाराची अब्रू असते.”

नदीकाठच्या गल्लीच्या तोंडाशी मनांग पासिंगचं दुकान होतं. मनांग म्हणजे थोरली बहीण, आणि पासिंग अख्ख्या गल्लीचीच थोरली बहीण होती. जाळीमागे बसून ती पंख्याने वारा घेत होती.

“मनांग, रेस्तितुतो गुम्बान इथेच राहतात ना?”

पासिंगने आधी काळे बूट पाहिले, मग फाइल, मग इस्त्रीचा ब्लाउज. त्या गल्लीत असल्या वेशात दोनच जातीचे लोक येत : धर्मप्रचारक आणि वसुलीवाले. हिच्या हातात बायबल नव्हतं.

“कोण, रेस्ती? उशीर केलास गं बाई. गेला तो.”

“कुठे?”

पासिंगने ओठ पुढे काढून आभाळाकडे दाखवलं.

“अरे देवा! कधी?”

“नाताळाच्या आधी. भाजलेलं डुक्कर पोटभर खाल्लं आणि बसल्या जागी आटोपला. नऊ रात्री जागलो आम्ही मयताला. जागरणाच्या पत्त्यांत चारशे पेसो हरले मी तिथे. खोटं कशाला बोलू?”

शेजारच्या दारातून एक माणूस बाहेर आला. कोपरापर्यंत पिठाने माखलेला.

“काय झालं, मनांग?”

“ही पोरगी रेस्तीला विचारत्येय. बिचारीला काही ठाऊकच नाही.”

माणसाने फाइलकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. “मी त्याचा चुलतभाऊ. काय सांगू तुला! देवमाणूस होता. असा पाव करणारा पुन्हा होणे नाही.” त्याने पिठाच्या हाताने डोळे पुसले, पीठ डोळ्यांत गेलं आणि खरोखरच पाणी आलं. मग आत जाऊन त्याने दोन गरम पाव आणले. “खा, त्याच्या नावाने.”

पाव इतका छान होता की जोव्हेलिनने मयताच्या नावाने दोन्ही संपवले.

संध्याकाळी तिने लिहिलं : ‘अर्जदार मयत. शेजारी व नातेवाइकांकडून खात्री केली.’ खाली ‘मी स्वतः भेट दिली’ या छापील ओळीवर कास्तान्योस यांनी झोकदार सही ठोकली. “बघ, असा स्वच्छ अहवाल हवा! नाही तर ही माणसं उगाच लोंबकळत राहतात.”

दुसऱ्या दिवशी, म्हणजे तिच्या शेवटच्या दिवशी, दहाच्या सुमाराला मयत स्वतः बँकेत आला. केसांना तेल, कडक शर्ट, हातात पावाची उबदार पिशवी. मुलाखतीची तारीखच त्याला आजची दिली होती.

जोव्हेलिनने त्याला पाहिलं : कालचाच तो पिठाने माखलेला चुलतभाऊ. त्याने तिला पाहिलं. दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं.

“तू बँकेची?” रेस्ती ओरडला. “मग सांगायचंस ना गं! मी कशाला मेलो असतो?”

कास्तान्योस बाहेर आले. प्रकरण त्यांच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. “फाइल बंद झालीय. पुढच्या वर्षी नवा अर्ज करा.”

“पण सर, मी जिवंत आहे.”

“कागदोपत्री नाही.” मग जोव्हेलिनकडे वळून हळूच म्हणाले, “तुझी सही व्हायचीय ना आज? मग गप्प राहा.”

गप्प राहायचं. सहा आठवडे तिने दुसरं केलं काय होतं? तिला आईची लादी आठवली. मग कालचा पाव आठवला, आणि ती आंब्याची कोय. तिने घसा साफ केला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं, “सर, अहवालात लिहिलंय तुम्ही स्वतः जाऊन आलात. मग या मनोंगदादांना तुम्ही ओळखलं कसं नाही?”

रांगेतली वीस माणसं वळून बघू लागली. रेस्ती निरागसपणे म्हणाला, “मी तर यांना आज पहिल्यांदाच बघतोय.”

अर्ध्या तासात कास्तान्योस आणि जोव्हेलिनला घेऊन बँकेची गाडी गल्लीत उभी होती. मयत झालेला माणूस उठवायचा तर शेजाऱ्याचा सहीनिशी जबाब लागतो, असा नियम. रेस्तीला गाडीत घेतलं नव्हतं. गादीला पीठ लागलं असतं. तो मागून भाड्याच्या, खच्चून भरलेल्या जीपनीने येत होता.

पासिंगने टाय पाहिला, गाडी पाहिली.

“मेला,” ती म्हणाली. कास्तान्योस यांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

“मॅडम, तो जिवंत आहे. मी आत्ता बोललोय त्याच्याशी.”

“तुमची श्रद्धा मोठी, सर. पण नऊ रात्री जागलेय मी.”

“अहो, मी सांगतोय ना!”

“वसुलीवाले सगळेच असं सांगतात. गेल्या साली एकाने तर माझ्या नवऱ्याला जिवंत केलं होतं.”

कास्तान्योस यांचा शर्ट पाठीला चिकटला. रुमाल भिजून गेला. शेवटी ते वळले. “इंदाय, तू सांग ना हिला.”

जोव्हेलिनने पिशवीतून आपला कागद काढला आणि दुकानाच्या फळीवर सुका मासा आणि शांपूच्या पुड्या यांच्यामधल्या जागेत पसरला. “आधी माझे दोनशे चाळीस तास, सर.”

त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी असती तर रडली असती. मग सही केली. शेऱ्याच्या रकान्यात ‘उद्धट’ लिहिलं. जोव्हेलिनने वाचलं, शाई वाळेपर्यंत फुंकर मारली आणि कागद घडी करून ब्लाउजच्या खिशात घातला.

“मनांग, हे वसुलीवाले नाहीत. बँकेचे आहेत. रेस्तीला भट्टीसाठी कर्ज देणार आहेत.”

“कर्ज देणार म्हणजे उद्या वसुलीला येणारच की,” पासिंग म्हणाली. पण तिने पेन घेतलं. ‘अर्जदारास केव्हापासून ओळखता?’ या ओळीपुढे तिने जीभ दाताखाली धरून, सावकाश लिहिलं : ‘जन्मापासून मरेपर्यंत. त्यानंतरही.’

“हे खोडा,” कास्तान्योस म्हणाले.

“खोडाखोड केली की कागद खोटा वाटतो,” पासिंग म्हणाली आणि गल्लीच्या टोकाला थांबलेल्या जीपनीकडे बघून ओरडली, “रेस्ती, ये रे! उठवायला माणसं आलीयेत तुला!”