बावडीत काय भेटलं

"हट्टा की बावली की सफाई में मिला..." खुशीनं फोनवर वाचलं आणि थांबली.

"काय मिला? वाच ना पुढं!"

"आजी, एवढंच आहे. खाली 'आगे पढ़ें' लिहिलंय. दाबलं की पैसे मागते."

अनुसयाबाईंनी लाखोळीची डाळ निवडायचं सूप खाली आदळलं. हट्टा म्हणजे त्यांचं माहेर. त्या बावडीच्या पायऱ्यांवर त्या लहानाच्या मोठ्या झालेल्या, अन् तिथलीच बातमी अर्धी?

"ताट दाखवते अन् घास वढून नेते मेला! पावण्याले असं वागवलं तं गावात कोणी पाणी पेणार नाही त्याच्या घरचं."

पण बाईंचं डोकं रागात जास्त चाले. लेक धर्मेंद्र उकव्याच्या खाणीत कामाला. पोळ्यापासून तो बालाघाटला फिरकला नव्हता. खुशी शाळेसाठी आजीजवळ. उकव्यावरून येणारी बैहरची बस आली की पोर दारात जाऊन उभी राही. फोन केला की त्याचं एकच तुणतुणं, "हौ माय, येतो."

त्या संध्याकाळी बाईंनी फोन तोंडाशी धरून निरोप धाडला. "धर्मेंद्र, खुशीनं आज शाळेत असं काही केलं बापा, का मी पाहातच राह्यली. घाबरू नोको, चांगलंच हाय. बाकीचं घरी येऊन आयक."

लगेच फोन वाजला.

"वाजू दे," बाई म्हणाल्या.

रविवारी पहिल्याच बसनं धर्मेंद्र दारात. "माय, काय केलं इनं?"

"पयले जेव."

खुशी बापाच्या गळ्यातून खाली उतरेना. जेवताना बाईंनी बावडीच्या अर्ध्या बातमीचा यथेच्छ उद्धार केला. ताट संपल्यावर सांगितलं, "लंगडीत तुह्या पोरीनं समीक्षा मॅडमले बाद केलं."

"बस्स? एवढ्यासाठी?"

"पुरी बातमी फोनवर देली असती तं आला असता का रे?"

धर्मेंद्रनं हात धुतला. मग दिवसभर अंगणात लेकीसंग लंगडी खेळला, अन् हरला.

संध्याकाळी बसच्या पायरीवर चढता चढता तो वळला. "माय, बावडीत काय भेटलं ते मले माहीत हाय. खाणीतल्या माह्या दोस्तानं, लोकेशनं, पुरी बातमी वाचली."

"काय भेटलं?"

"पुढच्या रविवारी येऊन सांगतो!"

बस हलली. "लेकाच्या! माह्याच पोटचा ना तू!" बाई मागून ओरडल्या.

खुशीनं पदर ओढला. "आजी, शेजारच्या राखीकाकूच्या फोनवर पूर्ण दिसते. विचारू?"

"खबरदार! रविवारपर्यंत कोणी तोंड उघडलं तं पाहून घेईन."