फोलारिनच्या शेजारची खुर्ची

कागद पुढे आला की पेन उघडायचं, खाली नाव गिरवायचं आणि कागद परत सरकवायचा. ही सवय तुम्हाआम्हांला कधी लागते ते कळतही नाही. बँकेत, ऑफिसात, मुलांच्या शाळेत आपण हेच करतो. डॉ. श्रीरंग सोहोनींनाही ती लागली होती. १९८७ च्या नोव्हेंबरातल्या एका सकाळी त्यांची दहा वर्षांची दीपा शाळेच्या सहलीचा फॉर्म घेऊन आली आणि त्यांनी टोस्ट खाता खाता सही करून टाकली.

"बाबा, यू डिडन्ट ईव्हन रीड इट," दीपा म्हणाली.

"वाचायचं काय त्यात? सगळे फॉर्म सारखेच असतात."

त्यांची बायको शरयू सिंकपाशी उभी होती. तिनं वळून एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कप विसळायला लागली.

पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिमेकडचं ते गाव पोलादाच्या कारखान्यावर जगलं होतं. चार वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला. तेव्हापासून गावावर एक विचित्र शांतता बसली होती. भर दुपारी रस्त्यावर उभं राहिलं तर दूरच्या सिग्नलचा खटका ऐकू येई. गावात गर्दी व्हायची ती दोन महिन्यांतून एकदा, जुन्या आर्मरीच्या, म्हणजे लष्करी शस्त्रागाराच्या, हॉलमध्ये बॉक्सिंगचे सामने असले की. लढणाऱ्यांना आधी तपासून 'लढायला योग्य' असा दाखला देणं हे हॉस्पिटलमधल्या इतर डॉक्टरांना नकोसं काम होतं. म्हणून ते बाहेरून आलेल्या डॉक्टराकडे, म्हणजे श्रीरंगकडे आलं. पाच वर्षं ते दाखले देत होते.

त्या मंगळवारी फोलारिन अकांडे तपासणीला आला. नायजेरियातल्या लॅगोसचा हा मुष्टियोद्धा, लाइटवेट गटातला, म्हणजे एकशे पस्तीस पौंडांच्या आतला. १९८० मध्ये तो अमेरिकेत आला तेव्हा त्याचा डावा हात दिसायचाच नाही, समोरचा माणूस पडलेला तेवढा दिसायचा. ओळीनं चौदा सामने त्यानं जिंकले. जगज्जेतेपदाची लढत आज मिळेल, उद्या मिळेल, असं त्याला सांगत सांगत वर्षं गेली. ती लढत मिळाली नाही. मग तो हरायला लागला. आता चढत्या पोरांच्या नावावर एक विजय लागावा म्हणून त्याला बोलावत. वय तेहेतीस. अंगात अजूनही वेत वाकवावा तशी लवचीक ताकद होती.

"डॉक्टर, बाहेर थंडी आहे, पण माझा डावा हात गरम आहे," तो आत येताच म्हणाला आणि हसला.

श्रीरंगही हसले. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब घेतला. फोलारिननं मान उचलली.

"डॉक्टर, बाहेर थंडी आहे, पण माझा डावा हात गरम आहे."

तेच शब्द, तोच सूर, हसण्याआधीचा तेवढाच थांबा. जणू दार पुन्हा उघडून तो पुन्हा पहिल्यांदाच आत आला होता. इतक्यात फोलारिन ताडकन उठला. कुठेही काही वाजलं नव्हतं. हनुवटी खाली, मुठी वर, असा तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि काही वेळानं, कुणी थांब म्हटल्यासारखा, मागे सरून बसला. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून त्यानं हळूच मान हलवली. नमस्कार केल्यासारखी.

"तिथे कोण आहे?" श्रीरंगनी विचारलं.

"माझ्याबरोबर आलाय. तो बोलत नाही फारसं."

"शनिवारी सामन्याआधी पुन्हा बघू," एवढंच म्हणून त्यांनी त्याला पाठवून दिलं.

तो गेल्यावर एक्स-रे विभागातल्या सुलभाताई आत आल्या. सुलभाताई नागपूरच्या. पंचवीस वर्षं अमेरिकेत, साठीला आलेल्या, आणि कुणाचीही भीडभाड न ठेवणाऱ्या.

"श्रीरंग, तो माणूस कॉरिडॉरमध्ये रिकाम्या बाकाशी बोलत होता. तीन वेळा एकच दार ढकलून बघितलं त्यानं. त्याच्या डोक्याचा स्कॅन कर."

"स्कॅन नियमात नाही, सुलभाताई. आणि डोलनला आवडणार नाही." हॅरी डोलन सामने भरवायचा. हॉस्पिटलच्या बोर्डावरच्या दोघांशी त्याची ऊठबस होती. "जूनमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. आपण इथे पाहुणे आहोत. कशाला मध्ये पडायचं?"

"पाहुण्यानं घरातल्या भांडणात बोलू नये, कबूल. पण पाहुणा घरातल्या माणसाच्या मरणावर सही करतो का रे?" सुलभाताई खुर्चीत बसल्या. "खरं सांग, आपल्या देशपांड्यांचा राजीव असा बडबडायला लागला असता, तर तू नियम बघितला असतास? हा काळा आहे, आपल्यातला नाही, म्हणून तुला नियम आठवतोय. इथल्या गोऱ्या डॉक्टरांनी हे काम तुझ्या गळ्यात मारलं तेव्हा तुला किती वाईट वाटलं होतं. आता तू तेच त्याच्या बाबतीत करतोयस."

सुलभाताईंना ठाऊक नसलेली एक गोष्ट श्रीरंगना आठवत होती.

तीन वर्षांपूर्वी, १९८४ मध्ये, याच फोलारिनपुढे ओहायोचा वेन बकली नावाचा तरुण उभा राहणार होता. आर्मरीच्या मागच्या खोलीत दोघांची तपासणी झाली. वेन वाकून श्रीरंगच्या कानाशी कुजबुजला होता, "थोडं डोकं दुखतंय, पण त्यांना सांगू नका." डोलन दारात घड्याळ बघत उभा होता. हॉल भरला होता. श्रीरंगनी सही केली. सहाव्या फेरीत वेन पडला आणि तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये वारला. चौकशी झाली तेव्हा दाखला चोख निघाला. त्या कुजबुजीबद्दल श्रीरंगनी चौकशीत सांगितलं नाही, शरयूलाही सांगितलं नाही.

शनिवारी दुपारी सामने होते. आर्मरीच्या मागच्या खोलीत खिडकी नव्हती. एक ट्यूबलाइट, वजनाचा काटा, दोन लाकडी खुर्च्या. बाहेर हॉलमध्ये माणसं जमत होती, पण जाड दारातून त्यांचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा येत होता. फोलारिन एका खुर्चीत हातांना पट्ट्या गुंडाळून बसला होता. श्रीरंग दुसरी खुर्ची ओढायला गेले.

"तिथे नका बसू, डॉक्टर," फोलारिन शांतपणे म्हणाला. "वेन बसलाय."

श्रीरंगचा हात खुर्चीच्या पाठीवर तसाच राहिला. लाकूड गार होतं. खोलीत इतकं गार दुसरं काही नव्हतं, असं त्यांना पुढेही कितीतरी दिवस वाटत राहिलं.

"कोण वेन?"

"बकली. सामना झाल्यापासून माझ्याबरोबरच असतो. वाईट नाहीये. माझ्यावर राग नाही त्याचा." फोलारिननं खुर्चीकडे कान दिला, ऐकलं, आणि श्रीरंगकडे सरळ बघितलं. "तुम्हाला सांगायला सांगतोय. म्हणतो, डोकं अजून दुखतंय."

तीन वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी फोलारिन खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला बसला होता. वेनचे शब्द श्रीरंगना स्वतःला जेमतेम ऐकू आले होते. फोलारिनला ते कसे कळले असतील? ओठ हलताना दिसले असतील, वेननंच आधी त्याला सांगितलं असेल. याची उत्तरं श्रीरंगनी नंतर पुष्कळ शोधली. एकानंही त्यांचं समाधान झालं नाही. त्या क्षणी मात्र उत्तराची गरजच नव्हती. सांगितलेलं खरं होतं, आणि ते एकट्या आपल्यालाच माहीत आहे असं तीन वर्षं श्रीरंग समजत होते.

दार उघडून डोलन आत आला. त्यानं दाखल्याचा कागद काट्यावर ठेवला. "डॉक, सही करा. हॉल भरलाय."

श्रीरंगनी पेन उघडलं नाही. खिशातली छोटी बॅटरी काढली आणि फोलारिनच्या डोळ्यांत उजेड टाकला. उजवी बाहुली आकसली, डावी जवळजवळ तशीच राहिली. त्यांनी त्याला तीन शब्द सांगितले, घर, मासा, टोपी, आणि मिनिटभरानं विचारले. त्याला एकही आठवला नाही. फरशीवरच्या रेघेवरून एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत चालायला सांगितलं. ज्या पायांनी चौदा माणसांना चकवलं होतं ते पाय तिसऱ्या पावलाला भिंतीकडे गेले.

"हा आज लढणार नाही," श्रीरंग म्हणाले.

"गेल्या महिन्यात दुसरीकडे लढला की! डॉक, तुमच्या हॉस्पिटलातली माणसं माझे मित्र आहेत, हे विसरू नका."

"नाही विसरत. वेन बकलीनं मला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं होतं. तुम्ही दारात उभे होतात आणि मी सही केली. हे मी सोमवारी राज्याच्या बॉक्सिंग कमिशनला लिहून पाठवणार आहे. आजचंही."

डोलन कागद उचलून दार आपटून गेला.

फोलारिन खूश होईल असं श्रीरंगना वाटलं असेल तर ते चुकीचं होतं. तो दातांनी पट्ट्या सोडू लागला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"डॉक्टर, या देशात मला एकच गोष्ट येते, आणि ती तुम्ही काढून घेतली. रिंगमध्ये माझं नाव पुकारतात. बाहेर मला कोण ओळखतं?"

श्रीरंग त्याच्यापुढे जमिनीवर बसले. "मी ओळखेन," ते म्हणाले. शब्द तोकडे आहेत हे त्यांचं त्यांनाच कळत होतं.

सोमवारी सुलभाताईंनी स्कॅन केला. मेंदू आक्रसलेला होता आणि डाव्या बाजूला जुन्या रक्तस्रावाची पातळ रेघ होती. मेंदूच्या तज्ज्ञानं फिल्म दिव्यासमोर धरून सांगितलं, त्या जागी आणखी एक ठोसा बसता तर तो उठला नसता.

कमिशननं फोलारिनचं लायसन्स कायमचं रद्द केलं. महिनाभर तो श्रीरंगशी बोलला नाही. मग एका रविवारी शरयूनं त्याला जेवायला बोलावलं. तो आला, मुकाट्यानं वरणभात जेवला आणि पुढच्या रविवारी आपणहून आला. गावातल्या काही मराठी मंडळींनी त्यावर नाकं मुरडली. "घरात लहान मुलगी आहे तुमच्या," असं एका काकूंनी शरयूला फोनवर सुचवलंही. "हो, आणि ती त्याच्याकडून त्याच्या योरुबा भाषेत आकडे मोजायला शिकतेय," शरयू म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

वसंतात फोलारिनची बहीण त्याला न्यायला आली. पुढे लॅगोसहून तिचं पत्र आलं की तो आता नावं विसरतो, पण सकाळी क्लबात जाऊन मुलांना पाय कसे टाकायचे ते शिकवतो. जूनमध्ये श्रीरंगचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. त्यांना स्टेट कॉलेज नावाच्या दुसऱ्या गावी लहानशा दवाखान्यात काम मिळालं.

त्याआधी एक काम उरलं होतं. श्रीरंग गाडी घेऊन ओहायोला वेनच्या आईकडे गेले. व्हरांड्यात उभं राहूनच त्यांनी सगळं सांगितलं. शिव्या ऐकायची त्यांची तयारी होती. त्या बाईंनी खांबाचा आधार घेतला.

"त्या सकाळी त्यानं फोनवर मलाही सांगितलं होतं, मॉम, डोकं दुखतंय," त्या म्हणाल्या. "पण सगळे म्हणाले, कागदावर तसं काही नाही. तीन वर्षं मला वाटतंय की मीच चुकीचं ऐकलं. माझं डोकं फिरलंय."

"तुम्ही बरोबर ऐकलंत," श्रीरंग म्हणाले. "कागद खोटा होता."

मित्रांनो, आपली सही म्हणजे 'मी स्वतः पाहिलं' अशी आपण दिलेली ग्वाही असते. ऐकलेलं दडवून दिलेल्या ग्वाहीनं एका मुलाचा जीव गेला, आणि तिच्यामुळेच त्याच्या आईला स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवता आला नाही. आपण कुठल्याही देशात असू, पुढचा माणूस कुठल्याही रंगाचा असो, जे पाहिलं नाही त्याखाली नाव लिहू नये. आणि जे पाहिलं, ते सांगायला तीन वर्षं लावू नयेत.