माझ्या पाठीवरची नावाची पट्टी

मी एक जुनी, जाड काचेची डिश आहे. माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडालेला आहे आणि पाठीवर एक पांढरी चिकटपट्टी आहे. पट्टीवर नाव लिहिले आहे. मित्रांनो, आमच्या टॅनर्स रन गावात माझ्यासारखीची ओळख एवढीच असते, टवका आणि नाव.

माझा जन्म नदीकाठच्या काचकारखान्यात झाला. आता ती नदी स्वच्छ आहे आणि कारखाना नाही. तेव्हा दोन्ही गोष्टी उलट होत्या. लालभडक काचेचा गोळा साच्यात पडला, वरून दट्ट्या आला आणि मी झाले. पुढे एमिल हूडॉक आणि व्हर्ना यांच्या लग्नात आहेर म्हणून मी त्यांच्या घरी गेले. आहेरात तशा चार डिश आल्या होत्या. व्हर्नाने तीन दुकानात बदलून एक इस्त्री आणि दोन उशा आणल्या. मलाच का ठेवले, कोण जाणे. मी सगळ्यांत जड होते, म्हणून असेल.

पहिल्याच महिन्यात शेजारचे म्हातारे गृहस्थ वारले. व्हर्नाने कोबी चिरला, रुंद शेवयांबरोबर तो लोण्यात परतला आणि माझ्यात भरला. आमच्याकडे त्याला हलुश्की म्हणतात. मग तिने मला पालथे घालून माझ्या पाठीवर पट्टी चिकटवली आणि नाव लिहिले. दुःखाच्या घरी दहा घरांच्या डिश जमतात. कोणती कुणाची हे त्या घरातल्यांना विचारायला लावू नये, म्हणून ही पट्टी. दुसरी रीत अशी की डिश रिकामी परत करायची नाही. परसातले दोन टोमॅटो चालतात, एक सफरचंदही चालते. रिकाम्या डिशमुळे नाते तुटते, असे आमच्या बायका मानतात.

अशी मी किती घरे फिरले! पोलादाचा कारखाना बंद पडला त्या वर्षी तर मला घरी यायला उसंत नव्हती. बाळंतपणे, मोडलेले पाय, अंत्यविधी, सगळीकडे मी गेले. ओव्हनची धग सोसत गेले आणि परत येताना कधी मनुकांची बिस्किटे, कधी घेवड्याच्या शेंगा घेऊन आले. व्हर्नाने माझ्यासाठी गोधडीसारखी एक जाड पिशवी शिवली होती. पिशवीला बाहेरून मोठा खिसा होता. त्यात चमचा, चष्मा, यादी, जे काही हातात असेल ते ती ठेवत असे.

माझे सर्वांत आवडते घर म्हणजे रोझली पाव्लिकचे. रोझली ही व्हर्नाची जिवलग मैत्रीण, तीन घरे पलीकडे राहणारी. तिची मुलगी जनीन जन्मली तेव्हा मी हलुश्की घेऊन गेले होते. जनीन सहा वर्षांची असताना एकदा तीच मला परत पोचवायला निघाली आणि व्हर्नाच्या दारातल्या दगडी पायरीवर मी तिच्या हातून निसटले. माझा टवका तेव्हाचा. पोर रडून रडून लाल झाली होती. मागून आलेली रोझली शरमून म्हणाली की नवी आणून देते. व्हर्नाने मला उचलून उन्हात धरले.

"नवी कशाला? आता मेली चोरीला गेली तरी ओळखू येईल," ती म्हणाली. मग जनीनला म्हणाली, "बरं केलंस गं. पट्टी धुऊन निघते, हा नाही निघायचा."

तेव्हापासून जनीन घरी आली की आधी मला शोधायची आणि त्या टवक्यावरून अंगठा फिरवायची. मोठी झाली, लग्न झाले, केस पिकू लागले, तरी ती सवय गेली नाही.

मित्रांनो, आता बंदुकीबद्दल सांगते. खोटे बोलणार नाही. त्या दिवसांत बंदूक या शब्दाने मला भीती वाटत नसे. एमिलची बंदूक दिवाणखान्यात दोन खुंट्यांवर असायची. थंडीच्या सुरुवातीला हरणांच्या शिकारीचा पहिला सोमवार आला की गावातल्या शाळेला सुट्टी असायची. मास्तरच रानात, तर शिकवणार कोण? दुपारपर्यंत बाप-लेक लालबुंद नाकांनी परतायचे. मग माझ्यात हरणाचे मांस, कांदा आणि बटाटे तासन् तास शिजायचे. खिडक्यांच्या काचा वाफेने धुरकट व्हायच्या. त्या वासाची आठवण मी आजही टाकू शकत नाही.

आग विझवणाऱ्या आमच्या बंबखान्याचा खर्चही बंदुकीवरच चाले. दर उन्हाळ्यात बंबखान्याच्या सभागृहात सोडत निघायची आणि पहिले बक्षीस बंदूक असायची. एमिल बंबखान्याच्या मंडळाचा अध्यक्ष होता आणि तिकिटे विकण्यात व्हर्नाचा हात धरणारे कोणी नव्हते. तिकिटांचे पुस्तक हातात पडले की पहिले तिकीट ती रोझलीच्या नावाने स्वतःच लिहायची. एका वर्षी रोझलीला खरेच बंदूक लागली. तिने ती एमिलला दिली आणि बदल्यात कपडे धुण्याचे यंत्र घेतले. "तुझ्या बंदुकीपेक्षा माझं यंत्र जास्त डाग काढतं," असे ती एमिलला पुढे कितीतरी वर्षे चिडवायची. सगळे हसायचे. मीही फळीवर किणकिणत असे.

मग तो शुक्रवार आला. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस होते. त्या दिवसांत शुक्रवारी गाव मांस खात नाही, मासे चालतात. बंबखान्याच्या सभागृहात मासे तळले जातात आणि सारा गाव तिथेच जेवतो. जनीन गोड पदार्थांच्या टेबलामागे उभी होती. मी घरी फळीवर होते, म्हणून पाहिले नाही आणि जे पाहिले नाही ते सांगणार नाही. दुसऱ्या गावातला एक तरुण आत आला. त्याने बुधवारी दुकानातून बंदूक विकत घेतली होती. सात माणसे गेली. जनीन त्यांच्यातली एक.

सभागृहाचे कुंपण दोन दिवसांत फुलांनी झाकून गेले. कुणी कापडी अस्वले बांधली, कुणी मेणबत्त्या लावल्या. कुणी मासे वाढायच्या कागदी थाळ्यांवर सात नावे लिहून टांगली. लांबलांबून माणसे आली आणि अनोळखी बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. कॅमेरेवालेही आले आणि त्यांनी म्हाताऱ्यांना विचारले की तुम्हाला कसे वाटते. रोझलीच्या ओसरीवर तेवीस डिश जमल्या. त्या घरात तेव्हा कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

चोविसावी मी. व्हर्नाने रडत रडत कोबी परतला, मला भरले, पिशवीत ठेवले आणि पोचवले. दोघी दारात एकमेकींना धरून उभ्या राहिल्या.

तिसऱ्या दिवशी रोझलीने डिश धुवायला काढल्या. माझ्या पिशवीच्या खिशात हात घातला तर सोडतीच्या तिकिटांचे पुस्तक निघाले. आधीच्या आठवड्यात व्हर्नाने ते तिथे ठेवले होते आणि ती विसरून गेली होती. वर बंदुकीचे चित्र होते. खाली पहिल्या तिकिटावर व्हर्नाच्या वळणदार अक्षरात लिहिले होते, रोझली पाव्लिक.

रोझली खुर्चीत बसली. तिची बहीण मिल्ड्रेड भांडी पुसत होती. रोझली तिला एवढेच म्हणाली, "व्हर्नानं मला जेवण पाठवलं. आणि बरोबर बंदूक."

तेवीस डिश आपापल्या घरी गेल्या. प्रत्येकीत काहीतरी होते, निदान एक संत्रे तरी. मला मात्र तळघराच्या फळीवर लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवले गेले. माझ्या आयुष्यात मी इतके दिवस रिकामी कधी राहिले नव्हते. धूळ बसली. पट्टीच्या कडा सुटू लागल्या. वरून आवाज यायचे, त्यांवरून मला गाव कळायचे. फुले सुकली तेव्हा अंगणांत पाट्या उभ्या राहिल्या. काहींवर "आता पुरे" असे होते, काहींवर "आमचा हक्क आमच्याकडे". शेजारी शेजाऱ्याला हात करेनासा झाला. केशकर्तनालयातसुद्धा दोन गटांचे दोन वार ठरले, असे मिल्ड्रेड सांगत होती. रोझली राज्याच्या राजधानीत जाऊन आमदारांपुढे बोलून आली. तिचे मागणे एकच होते. बंदूक विकत घेतली की ती हातात पडायच्या आधी सात दिवस थांबावे लागावे.

जूनमध्ये एका दुपारी रोझलीने मला वर आणले. हातात घेऊन ती टवक्याकडे बघत बसली होती, तेवढ्यात दार वाजले. व्हर्ना होती.

"डिश न्यायला आलीस?" रोझलीने विचारले.

"चुलीत जाऊ दे ती डिश. तू फोन उचलत नाहीस. माझ्या हातून काय झालं ते तरी सांग."

रोझलीने खणातून ते पुस्तक काढले आणि तिच्यापुढे धरले. व्हर्नाने पहिले तिकीट वाचले आणि दाराची चौकट धरली.

"देवाशपथ, चुकून राहिलं गं. घरभर शोधत होते मी."

"चुकून राहिलं हे मला ठाऊक आहे," रोझली म्हणाली. "तेच तर सोसवत नाही. चाळीस वर्षं हे तुझ्या पिशवीत होतं आणि तुझ्या-माझ्या कुणाच्याच डोळ्यांत खुपलं नाही."

मग ती म्हणाली की यंदा सोडत काढू नका, एमिलला सांग. व्हर्नाने बंबाच्या जुन्या इंजिनाचे, फाटक्या नळ्यांचे काहीतरी पुटपुटले आणि वाक्य अर्धवट सोडले. पुस्तक पोटाशी धरून ती पायऱ्या उतरली. मी टेबलावरच राहिले. माझी आठवण दोघींनाही झाली नाही.

जुलैच्या शेवटी चर्चच्या तळघरात मंडळाची सभा ठरली. सोडत काढायची की नाही, एवढाच विषय होता. आदल्या संध्याकाळी रोझलीने पीठ मळले आणि झाकून ठेवले. सकाळी त्यात अक्रोडाचे सारण भरून गुंडाळ्या भाजल्या, त्यांचे काप माझ्यात रचले आणि मला सभेला नेले. चार महिन्यांनी माझ्या अंगाला ऊब लागली.

सभेत आधी एमिल बोलला. त्याचा आवाज थकलेला होता. "चाळीस वर्षं माझी बंदूक खुंटीवर आहे. तिनं कुणाला ओरखडा काढला नाही. शिक्षा तिला का?"

वॉल्ट सिर्को हा बंब चालवणारा, तोंडाचा फाटका. तो म्हणाला, "सोडत बंद करा आणि उद्या घर पेटलं की त्याच्यावर फुलं टाका."

कुणी हसले नाही. रोझली बसूनच बोलली. "वॉल्ट, तू त्या रात्री माझ्या जनीनला बाहेर आणलंस. तुझ्याशी मी भांडायची नाही. आणि एमिल, शिक्षा कुणाला मागतेय मी? त्यानं बुधवारी घेतली आणि शुक्रवारी आला. या गुंडाळ्यांचं पीठसुद्धा मी रात्रभर थांबवते. तिथं एक आठवडा थांबायला सांगते. आणि माझी मुलगी पडली त्या खोलीत यंदा बंदूक वाटू नका म्हणते. बस."

मग बराच गलका झाला. हक्क, कायदा, बापजाद्यांची रीत, सगळे निघाले. शेवटी व्हर्ना उठली. तिने आपल्या पर्समधून ते पुस्तक काढले आणि माझ्याशेजारी ठेवले.

"एक्केचाळीस वर्षं मी तिकिटं विकली," ती म्हणाली. "यंदा मी विकणार नाही. कुणाला विकायची असतील तर हे पुस्तक घ्या. पण माझी एक पद्धत आहे, ती मोडायची नाही. पहिलं तिकीट रोझलीचं. तिच्यासमोर जाऊन फाडायचं आणि तिच्या हातात द्यायचं. ती इथंच बसलीय."

भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मला काचेतून जाणवत होता. वॉल्टने पुस्तकाकडे पाहिले, मग हातातल्या टोपीकडे. एमिल उठून टेबलापाशी आला. मला वाटले, उचलतो आता. त्याने माझ्यातला एक काप उचलला, खुर्चीत जाऊन बसला आणि मान खाली घालून खाऊ लागला. त्याच्यामागून एकेक जण आला. काप संपले. पुस्तक तिथेच राहिले.

त्या वर्षी सोडत निघाली नाही. नवा बंबही आला नाही, जुनाच खोकत खोकत चालला. पुढच्या वर्षी पलीकडच्या गावाने त्यांची सोडत काढली आणि आमच्यातलेही काही गेले. सात दिवसांचा कायदा राजधानीत अजून कुठल्यातरी टेबलावर पडून आहे. रोझली दर वसंतात जाते. आता तिला गाडीने व्हर्ना नेते. एमिलची बंदूक आहे, पण खुंटीवर नाही. कुलपाच्या कपाटात आहे, आणि किल्ली व्हर्नाकडे.

सभेच्या त्या दिवशी सगळे गेल्यावर दोघी तिथल्याच मोरीशी उभ्या होत्या. व्हर्ना मला धुवत होती, रोझली पुसत होती. ऊन पाण्यात माझी जुनी पट्टी सुटून वाहून गेली. रोझलीचा अंगठा टवक्यावर आला आणि तिथेच थांबला.

"तुझ्याकडेच असू दे," व्हर्ना हळूच म्हणाली.

"नको. ती इथून तिथे जात राहिली तरच बरी." रोझलीने खणात शोधून चिकटपट्टी काढली, मला पालथे घातले आणि स्वतःच्या अक्षरात लिहिले, व्हर्ना हूडॉक. मग एक काप कागदात गुंडाळून माझ्यात ठेवला. तो तिने आधीच बाजूला काढून ठेवला होता.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे. ओव्हनची धग पूर्वीसारखी सोसत नाही, म्हणून मला जपून उतरवतात. माझा टवका घासून गुळगुळीत करू नका, एवढे मागते. आणि तुम्ही कधी कुणाच्या दुःखात जेवण घेऊन निघालात तर अन्न गरम आहे ना ते पाहा, पाठीवर नाव आहे ना ते पाहा, आणि उंबरा ओलांडण्याआधी पिशवीच्या खिशात एकदा हात घाला. वर्षानुवर्षे तिथे आपण काय ठेवून विसरलो आहोत, ते आपल्याला माहीत नसते.