तात्पुरती ओळ

"माऊस कुठाय, चेची?" जसीलाने विचारलं.

मी खिडकीकडे बोट दाखवलं. माझ्या वडिलांचा, अच्छनचा माऊस खिडकीच्या गजाला शेपटीने टांगलेला होता. कीबोर्डवरून हात उचलून माऊसकडे न्यायचा म्हणजे बोलता बोलता मध्येच शिंकण्यासारखं आहे, असं ते म्हणत. जसीला हसली आणि लगेच तिने हसू आवरलं.

ती ऑफिसात त्यांच्या शेजारी बसायची, म्हणून मला चेची, ताई म्हणायची. डायलिसिसच्या रुग्णांना कधी यायचं, कोणत्या मशीनवर झोपायचं, हे कळवणारा प्रोग्रॅम दोघं मिळून सांभाळत. अच्छन गेल्यावरचा सोळावा दिवस झाला, पाहुणे गेले आणि मी तिला फोन करून घरी बोलावलं. मला एकच गोष्ट कळायला हवी होती. माझा फोन वाजला का नाही?

अच्छन आणि अम्मा कोळिक्कोडला, मी कोट्टयमच्या कॉलेजात शिकवते. गेल्या वर्षी मी त्यांना मनगटावर बांधायचा पट्टा आणून दिला होता. हृदयाचे ठोके बिनसले की तो मला कळवणार होता. पट्ट्याबरोबर आलेलं ॲप अच्छननी एका दिवसात काढून टाकलं. माझी छाती धडधडते ते परक्या देशातल्या दुकानदाराला कशाला सांगायचं, म्हणाले, आणि स्वतःच प्रोग्रॅम लिहायला बसले. पट्टा लॅपटॉपला सांगणार, लॅपटॉप मला. विषूच्या सणाला मी घरी आले तेव्हा चाचणी म्हणून ते मुंडू गुडघ्यापर्यंत दुमडून विहिरीभोवती पळाले आणि ओट्यावरच्या माझ्या फोनमध्ये सायकलची घंटी वाजली. आवाज त्यांनीच निवडला होता. पेपरवाला आला असं वाटून अम्मा फाटकापर्यंत जाऊन आली, आणि नंतर दिवसभर त्यांना पोरकट म्हणत राहिली.

ते गेले त्या सकाळी घंटी वाजली नाही. त्याच्या आधीच्या दिवसांतही नाही. डॉक्टर म्हणाले होते, हे एकाएकी झालेलं नाही, छाती दोन-तीन आठवडे तरी सांगत असणार. तेव्हापासून मी दर थोड्या वेळाने फोन हातात घेऊन बघत होते. आवाज बंद होता का? झोपेत मीच तो बंद केला का?

जसीलाने लॅपटॉप उघडला. काळा पडदा, हिरवी अक्षरं. त्यांचीच सवय, म्हणाली. ऑफिसात सगळ्यांचे पडदे रंगीबेरंगी, फक्त उण्णी सरांचा, म्हणजे अच्छनचा, असा, जुन्या रेल्वे स्टेशनवरच्या पाटीसारखा. वाचता वाचता ती बोलत राहिली. सर शुक्रवारी नवीन काहीच चालू करू देत नसत. दिवसभरात लिहिल्या त्यापेक्षा जास्त ओळी खोडल्या गेल्या, तर त्या संध्याकाळी सगळ्यांना बिनदुधाचा कट्टन चहा पाजत. ती नवीन असताना तिने एका ठिकाणी असं लिहिलं होतं की रुग्णाला निरोप पोचला नाही तरी प्रोग्रॅमने गप्प पुढे जावं. सर रागावले नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसले.

"निरोप पोचला नाही हे कोणाला कळलं?" त्यांनी विचारलं होतं.

"कोणालाच नाही, सर."

"म्हणजे तो माणूस घरी बसून सुजणार, आणि तू आम्हाला सांगणार सगळं ठीक आहे. बिघडलं तर ओरडायचं, जसीला. लाजायचं नाही."

हे मला माहीत होतं. जेवताना मीही हेच ऐकत मोठी झाले होते. भात करपला आणि अम्माने तो गुपचूप कढीखाली लपवला, तर ते म्हणत, ही बघा गप्प राहणारी चूक.

मग जसीला बोलायची थांबली. तिने तोच भाग परत वर नेला, परत खाली आणला.

"चेची, पाणी देता का?"

मी पाणी आणलं. ती ते प्यायली नाही.

"तुमचा फोन चांगला आहे," ती म्हणाली. "इथून निरोप निघालेच नाहीत."

"बिघाड?"

"नाही. सरांनी थांबवलेत."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. तिने पडदा माझ्याकडे वळवला. एकच ओळ होती. काहीही थांबवायचं तर शेजारी कारण लिहायचं, हा ऑफिसात त्यांचाच नियम. म्हणून कारणही होतं.

तात्पुरते. मुलीचा पेपर तपासणीचा कॅम्प संपेपर्यंत. तिने पुन्हा धावत येऊ नये.

पुन्हा. कॅम्प सुरू झाला त्याच आठवड्यात घंटी एकदा वाजली होती. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तसाच टेबलावर टाकून मी बस पकडली. पोचले तर अच्छन ओसरीवर केळ्याची पळमपोरी खात बसलेले. डॉक्टरांनी गॅस म्हणून सांगितलं. माझ्याकडे बघायला ते इतके ओशाळत होते की मला परत सोडायला बसस्टँडवर आले आणि बस हलेपर्यंत खिडकीखाली नुसते उभे राहिले.

आता मला समोरची अक्षरं दिसत होती आणि त्यांचा अर्थ लागत नव्हता. पंखा फिरत होता. त्याचा आवाज येत नव्हता. माझ्या घरात, माझ्या वडिलांनी. ज्यांनी अम्माचा करपलेला भात सोडला नाही, त्यांनी.

"कॅम्प कधी संपला?" जसीलाने हळूच विचारलं.

"ते गेले त्याच्या आदल्या आठवड्यात."

ती त्या ओळीकडे बघत राहिली. "तात्पुरतं लिहिलं की शेजारी तारीख घालायची. नाहीतर ते कायमचं राहतं. तारीख नसली तर आमचं काम सर परत पाठवायचे. इथे..."

ऑफिसात एकाचं काम दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जात नसे. घरी त्यांचं वाचायला कोणी नव्हतं.

"विसरले असतील," जसीला म्हणाली. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.

थोड्या वेळाने तिने आणखी एक गोष्ट सांगितली. अडवलेले निरोप पुसले गेले नव्हते. ते एका बाजूला ओळीने ठेवलेले होते. सर कधीच कोणाचा निरोप टाकून देत नसत.

"बरेच आहेत. पुसून टाकू का, चेची?"

"ती ओळ काढ."

"मग हे सगळे तुमच्याकडे येतील."

"येऊ देत. माझ्याकडेच यायला निघाले होते ना?"

ती उठली. म्हणाली, मी नाही काढणार, तुम्ही काढा. मी अच्छनच्या खुर्चीत बसले. कोणत्या कळा दाबायच्या ते तिने सांगितलं, आणि माझा हात गजाला टांगलेल्या माऊसकडे न जाता कीबोर्डवरच राहिला.

ओळ गेली. काही झालं नाही. मग टेबलावरचा माझा फोन थरथरला आणि सायकलची घंटी वाजली. ती थांबते न थांबते तोच दुसरी. मग तिसरी. जसीलाने ओढणीचं टोक तोंडावर धरलं. फोन वाजत वाजत टेबलाच्या कडेकडे सरकत होता.

"मोळे," स्वयंपाकघरातून अम्माची हाक आली, "बाहेर कोणीतरी केव्हाचं घंटी वाजवतंय. जाऊन बघ ना गं."

मी फोन उचलला आणि बाहेर आले. अंगण ओलांडलं. फाटकाची कडी काढली, फाटक पूर्ण उघडलं, आणि हातातली घंटी थांबेपर्यंत तिथे उभी राहिले.