पुलावरचं तोंड

आमच्या बरांगायचा, म्हणजे गावाचा, कप्तान रोदेलिओ; सरपंचच म्हणा. गावात काहीही झालं की त्यावर हा आपल्या तोंडाचा फलक लावतो. बसथांबा, ह्याचं तोंड. गटाराचं झाकण, ह्याचं तोंड. गेल्या फिएस्टाच्या जत्रेत पाऊस पडला नाही, त्याबद्दलही ह्यानं स्वतःचेच आभार मानले. पासिंगबाईनं आपल्या दुकानातलं त्याचं उधारीचं क्रेडिट कधीच बंद केलंय, पण दुसऱ्याच्या कामाचं क्रेडिट घ्यायला पासिंगबाईला थोडंच विचारावं लागतं.

माझी भाची मिंडा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. गावाच्या उपयोगाचं एखादं काम केलं तर तीन क्रेडिट मिळणार, नाही तर डिग्री लटकली. पोरीनं ओढ्यावर बांबूचा पूल आखला, आम्ही सगळ्यांनी हात लावून उभा केला. कप्तान आला, फीत कापली, मिरवला. दुसऱ्या दिवशी पुलावर फलक: ‘कप्तान रोदेलिओ यांच्या अथक प्रयत्नांतून’.

आणि कॉलेजचे सर येणार पूल बघायला.

“मामा, सर ते वाचणार. मग मी केलं काय?”

“काढायला सांग की त्याला.”

“सांगितलं. नाही म्हणाला. म्हटलं, निदान माझं नाव घाला. तर म्हणे, पोरी, जागाच उरली नाही.”

जागा खरंच नव्हती. नुसते दातच दोन हात रुंद.

हायवेवरून गावात यायचं तर माझ्याच ट्रायसिकल रिक्षातून यावं लागतं. सरांना आणायच्या आधी मी कप्तानाच्या घरी डोकावलो.

“कॅप, मनिलाहून कुणी साहेब येतोय म्हणे. पुलाचा खर्च कुणी केला, परवानगी कुणाची, विचारत होता. मी म्हटलं काळजी नको, फलकावर सगळं लिहिलंय.”

कप्तानाचा पांदेसाल पाव कॉफीतच विरघळला.

“परवानगी लागते?”

“मला काय कळतंय, कॅप. मी गाडीवाला.”

सरांना घेऊन पोचलो तर फलक गायब. कप्तान घामाघूम. बगलेत गुंडाळी, आणि तिच्यातून त्याचाच एक डोळा आमच्याकडे बघतोय.

“आपण कप्तान ना? ह्या पुलात आपला वाटा काय?” सरांनी विचारलं.

“काही नाही हो. नकाशा ह्या पोरीचा, राबले हे लोक. मी तर ह्यावरून चालतसुद्धा नाही.”

“तसं लिहून द्याल?”

“सही कुठे करू?”

मिंडा ओठ चावून पाण्याकडे बघत राहिली. मी गाडीचं चाक तपासायला खाली बसलो, चाकाला काही झालं नव्हतं.

तिन्ही क्रेडिट मिळाली, पोरगी पदवीधर झाली. घरी पान्सितच्या शेवया शिजत होत्या, तेवढ्यात पुलाकडून हाक आली. जाऊन बघतो तर नवा फलक. ‘अभिनंदन, मिंडा’. तिचा फोटो ओळखपत्राएवढा, उरलेल्या जागेत दात. खाली लिहिलेलं: ‘कप्तान रोदेलिओ यांच्या लेखी पाठिंब्यामुळे’.

मिंडा म्हणाली, “मामा, आता काय करायचं?”

काय करणार. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा फलक खरं बोलत होता.